ओढ, नड आणि भीड: बांधकामावरच्या बायका कामाशी कशाने बांधलेल्या असतात

स्लॅब एकदा भरायला घेतला की मध्येच सोडता येत नाही. घरी पोर तापाने फणफणलेलं असो, पाळणाघर सहाला बंद होत असो, नाहीतर शेवटची बस चुकत असो. सिमेंटमध्ये पाणी पडलं की ते घट्ट व्हायला लागतं. भारतीय मानकानुसार साधं सिमेंट कालवल्यापासून निदान ३० मिनिटं मऊ राहायला हवं आणि ६०० मिनिटांच्या आत पुरतं आवळून यायला हवं. आधीचा थर आवळल्यावर त्याला लागून नवा माल पडला, तर दोन्ही एकजीव होत नाहीत. मध्ये शिवण राहते. तिला आम्ही कोल्ड जॉइंट म्हणतो, आणि पुढे पावसाळ्यात गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. म्हणून काँक्रीटचा पंप सुरू झाला की शेवटच्या कोपऱ्यापर्यंत जायचंच.

मी स्थापत्य अभियंता. बारा वर्षं पुण्याच्या आसपासच्या साइटवर काढली. मुलगी दीड वर्षाची असताना एका स्लॅबला सकाळी नऊची वेळ ठरली होती. गर्दीच्या वेळी शहरात अवजड गाड्यांना बंदी, काँक्रीटच्या प्लँटवर आमच्या आधी दुसऱ्याचा नंबर, मग पंपाचा पाइप तुंबला. पहिली गाडी साडेबाराला लागली आणि शेवटची रिकामी झाली तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते. मधल्या वेळात मी घरी चार फोन केले. दुसऱ्या दिवशी आढावा बैठकीत साहेब म्हणाले, "मॅडम, हल्ली तुमचं चित्त घराकडे जास्त असतं." आणि मग खिडकीतून बोट दाखवून, "त्या पाणी मारणाऱ्या मावशी बघा. वर्षभरात एक खाडा नाही. ह्याला म्हणतात निष्ठा."

मी गप्प बसले. साहेबांचं माझ्याबद्दलही चुकत होतं आणि मावशींबद्दलही, हे तेव्हाच जाणवलं होतं, पण नेमकं कुठे ते सांगता येत नव्हतं. ते सांगता आलं बऱ्याच वर्षांनी, मनुष्यबळ व्यवस्थापनाचा एक छोटा अभ्यासक्रम करताना. तिथे जे पुस्तकी शब्दांत शिकवलं, ते इथे साइटच्या भाषेत मांडते.

घर आणि काम कुठे कुठे आदळतात

घर आणि नोकरी यांच्या भांडणावर खूप लिहिलं गेलंय, पण त्यातली उपयोगी पडणारी वर्गवारी १९८५ सालची आहे. ग्रीनहाउस आणि ब्यूटेल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी ती मांडली. त्यांचं म्हणणं असं, की हे भांडण तीन जागी होतं: वेळेत, ताणात आणि वागण्यात.

वेळेचं सगळ्यांनाच कळतं. दिवसाचे तास मोजके, आणि दोन ठिकाणी एकाच वेळी हजर राहता येत नाही. भारत सरकारने २०१९ मध्ये लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली होती. त्यात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७. हे फक्त धुणंभांडी, स्वयंपाक, झाडलोट. मुलं आणि आजारी माणसं सांभाळण्याचा वेळ वेगळा, बायकांचा १३४ मिनिटं आणि पुरुषांचा ७६. आता साइटवरच्या आठ-नऊ तासांत ही पाच तासांची पाळी मिळवा. पुण्याकडच्या डांगे चौकातल्या किंवा वारज्यातल्या मजूर अड्ड्यावर सकाळी आठला उभी असलेली बाई त्याआधी पाणी भरून, भाकरी थापून, पोरांची तोंडं धुऊन आलेली असते. अड्ड्यावर ती ताजीतवानी दिसावी अशी अपेक्षा असते, कारण दमलेली दिसली तर ठेकेदार पुढच्या बाईकडे बघतो.

ताण म्हणजे इथे निर्माण झालेला थकवा तिथे वसूल होणं. ओल्या काँक्रीटचं वजन घनमीटरला साधारण २,४०० किलो. घमेल्यात दहा लिटर माल बसला तर चोवीस किलो डोक्यावर. अशा किती खेपा झाल्या हे कुणी मोजत नाही, संध्याकाळी मान मोजते. माझ्यासारखीचा थकवा वेगळ्या जातीचा. सळयांच्या जाळीवरून दिवसभर तोल सांभाळत चालायचं, ठेकेदाराशी बिलावरून हुज्जत घालायची, आणि घरी आल्यावर पोरीने तीच गोष्ट चौथ्यांदा सांगायला लावली की आवाज चढायचा. राग ठेकेदाराचा असायचा आणि ऐकावा लागायचा पोरीला.

तिसरी जागा वागण्याची, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. साइटवर आवाज लागतो. काँक्रीट दाबून बसवणारा व्हायब्रेटर सुरू असताना दहा मीटरवरच्या माणसाला "थांब" सांगायचं तर ओरडावंच लागतं. पुरुष ओरडला तर साहेब खमका, बाई ओरडली तर बाई फटकळ. म्हणून मी आवाज कमावला, आणि तो घरी घेऊन गेले. सासूबाई एकदा सहज म्हणाल्या, "अगं, मी काही तुझी सेंट्रिंगवाली नाही." त्या हसत होत्या, पण ते लागलं. मावशींचं उलट. घरी चार माणसांचे निर्णय त्या घेतात, मुलीची सोयरीक त्यांनी ठरवली. साइटवर मात्र मान खाली घालून "व्हय" एवढंच. दिवसातून दोनदा माणूस बदलणं हेही काम आहे, फक्त त्याची हजेरी लागत नाही.

इथे एक गोष्ट माझ्या अनुभवातून जोडते. आपण तासांवर फार भांडतो. पण दहा तास काम असलं आणि सुटायची वेळ पक्की असली, तर बाई घर लावून घेते. शेजारणीला सांगते, डाळ भिजत घालून येते, पोरीला आणायला दिराला धाडते. घर कोसळतं ते "कधी सुटणार माहीत नाही" या उत्तराने. बांधकामात हे उत्तर रोजचं आहे, आणि त्याचं खापर सिमेंटवर फोडता येत नाही. सिमेंटचं वेळापत्रक छापील आहे. पहिली गाडी साडेबाराला आली ती नियोजन कुचकामी होतं म्हणून.

निष्ठा ही एक वस्तू नव्हे

आता साहेबांच्या लाडक्या शब्दाकडे. कॅनडातले मायर आणि ॲलन हे दोन मानसशास्त्रज्ञ १९९१ मध्ये म्हणाले, की माणूस नोकरीला धरून राहतो तो तीन वेगवेगळ्या कारणांनी, आणि आपण त्या तिघांना एकच नाव देऊन घोळ घालतो. एक, त्याला तिथे राहावंसं वाटतं. दोन, सोडणं परवडत नाही. तीन, सोडणं बरं दिसणार नाही असं मनाला वाटतं. त्यांचे इंग्रजी शब्द बोजड आहेत. आपल्याकडे तिन्हींना छोटे, वापरातले शब्द आहेत: ओढ, नड आणि भीड.

ओढ मी पाहिली आहे. कॉलमची शटरिंग, म्हणजे भोवतीचा साचा, उघडली, आणि आत कुठे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं नाहीत, कोन सुरीसारखा निघालाय, की खडी वाहणारी बाईही जाता जाता त्यावर तळहात फिरवते. एकदा एकीने दुसरीला सांगितलेलं ऐकलं, "ह्यो आमी भरलेला." त्या कॉलमशी तिचा संबंध घमेल्यापुरता होता. पण आमी म्हणाली.

नडीला साइटवर फार रूपं आहेत. सगळ्यात मोठं रूप म्हणजे उचल. हंगामाच्या आधी किंवा लग्नाआजारपणाला मुकादमाकडून एकरकमी पैसे घ्यायचे आणि ते कामातून फेडायचे. फिटेपर्यंत जागा सोडायची नाही. दुसरं रूप पत्र्याच्या खोलीचं. साइटवरच राहायची सोय असते, म्हणजे काम सुटलं की त्याच दिवशी डोक्यावरचं छप्परही सुटतं. तिसरं, जोडी. नवराबायकोला मिळून कामावर घेतात आणि पगार बरेचदा नवऱ्याच्या हातात पडतो, ऊसतोडीत जोडीला 'कोयता' म्हणतात, तसाच हिशेब. बाईला एकटीने काम बदलायचं म्हटलं तरी बदलता येत नाही, कारण कागदावर ती एकटी नाहीच. आमच्या इंजिनिअर मंडळींची नड जरा इस्त्री केलेली असते: घराचा हप्ता, अनुभवाचा दाखला, नोटीसचा काळ. जात तीच.

भीड सर्वांत चिवट. मुकादम गावचाच, बऱ्याचदा भावकीतला. त्याने पहिल्यांदा पुण्यात आणलं, पोर दवाखान्यात असताना पैसे टाकले. दुसऱ्या साइटवर पन्नास रुपये जास्त मिळतात म्हणून त्याला सोडून जायचं? तोंड कसं दाखवायचं? आणि मलाही साहेबांनी बाळंतपणात "सांभाळून घेतलं" होतं. जी रजा कायद्याने माझी होती, तिचं ओझं मी दोन वर्षं उपकारासारखं वाहिलं.

हजेरीपटावर तिन्ही सारखीच दिसतात. प्रत्येकीच्या नावापुढे तीच बरोबरची खूण. फरक दिसतो तो इतर ठिकाणी. पुढच्या अनेक अभ्यासांतून असं आढळलं, की ओढ असलेला माणूस काम नीट करतो, न सांगता चार गोष्टी जास्तीच्या करतो. नुसत्या नडीपायी टिकलेल्या माणसाच्या कामात तशी काही वाढ दिसत नाही, कधी घसरणच दिसते. साइटच्या भाषेत सांगायचं तर, स्लॅबखालचा टेकू हलतोय हे ओढ असलेली बाई धावत येऊन सांगेल. नडीने आलेली बघेल आणि पुढे जाईल, कारण मागच्या वेळी सांगितलं तेव्हा मुकादमाने "तू तुझं घमेलं बघ" म्हणून झापलं होतं. तिची हजेरी त्या महिन्यातही पूर्ण भरते.

घर आणि काम यांची झटापट वाढली की आधी आटते ती ओढ. नड तशीच राहते. मग जिला दुसरीकडे जाता येतं ती जाते, जिला येत नाही ती राहते. साहेब लोक जाणारीला बेभरवशाची म्हणतात आणि राहणारीला निष्ठावंत.

मावशींचा खाडा का नव्हता

आता मावशींचं सांगते. त्या नांदेडकडच्या, वय पन्नाशीच्या आत-बाहेर. त्यांनाही नेमकं ठाऊक नव्हतं. त्यांचं काम क्युरिंगचं, म्हणजे भरलेल्या काँक्रीटला पाणी मारायचं. मानक सांगतं की साध्या सिमेंटचं काँक्रीट निदान ७ दिवस ओलं ठेवायचं, कोरड्या आणि उष्ण हवेत निदान १०. यात रविवार धरलेला नाही, दिवाळी धरलेली नाही. आमच्याकडे दर दहा-बारा दिवसांनी कुठला ना कुठला स्लॅब पडायचा, त्यामुळे कुठलं तरी काँक्रीट कायम तहानलेलंच. मावशी साइटवरच्याच खोलीत राहायच्या. सकाळी साडेसहाला पहिलं पाणी, रात्री झोपायच्या आधी शेवटचं.

एका दुपारी मी त्यांना विचारलं, "मावशी, गावी जाऊन यावंसं वाटत नाही?" त्या गोणपाट भिजवत होत्या. म्हणाल्या, "म्याडम, पोरीच्या लग्नाला चाळीस हजार उचललेत. घरधनी दोन साल झाले पडून हायेत. खाडा केला तर मुकादम दुसरी आणंल. मंग खोली बी त्याचीच." गोणपाट पिळलं, कॉलमला गुंडाळलं, सुतळीने बांधलं. एवढंच बोलणं झालं.

त्या कामात त्या चोख होत्या, हे वेगळं. कॉलमच्या गोणपाटाला दोन ठिकाणी सुतळी लागते, नाहीतर वाऱ्याने खालचा भाग उघडा पडतो, हे मला त्यांनी शिकवलं. कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. म्हणजे ओढही होती. पण ज्या गोष्टीचं साहेब कौतुक करत होते, तो न झालेला खाडा, तो सगळा नडीचा होता.

आणि इतकं कौशल्य असून त्यांच्या नावापुढे हुद्दा काय? बिगारी. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच आला. तरी साइटवर तो सहज चुकवला जातो, कारण काम "समान" ठरूच दिलं जात नाही. विटा रचणारा तो गवंडी, त्याच्या हाताशी वीट, माल, पाणी, ओळंबा देणारी ती हेल्पर. दहा वर्षं ओळंबा हातात देऊनही तो लावायला तिला कुणी शिकवत नाही, आणि शिकायचं म्हटलं तर ते सुट्टीनंतर, म्हणजे चुलीच्या वेळेला. झारखंडमध्ये स्वच्छ भारत मोहिमेत हजारो शौचालयं बांधायची होती तेव्हा गावातल्याच बायकांना गवंडीकाम शिकवलं, त्यांना लोक राणी मिस्त्री म्हणू लागले. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की काम त्यांच्या गावातच होतं. थापी धरायला काय, बायका कधीही तयार असतात. शिकण्याची जागा आणि वेळ घराला झेपेल अशी असावी लागते. दरम्यान आमच्याकडे तयार काँक्रीटच्या गाड्या आणि पंप आले, घमेल्यांची रांग गेली, आणि त्या रांगेत बायकाच जास्त होत्या. त्यातल्या फार थोड्या पंपाकडे गेल्या.

पाणी कमी पिणाऱ्या बायका

समतोलावरच्या भाषणांत जो विषय येत नाही तो शौचालयाचा. माझ्या पहिल्या साइटवर बायकांसाठी वेगळं शौचालय तळमजल्यावर, कुंपणाच्या कडेला होतं. काम अकराव्या मजल्यावर. लिफ्ट मालासाठी, माणसांना मनाई. जायला-यायला वीस मिनिटं. मुकादम विचारायचा, "आत्ताच तर जाऊन आली?" मग बायकांनी त्यावर तोडगा काढला: सकाळी चहा नाही, दुपारपर्यंत पाणी नाही. मीही तेच केलं. एप्रिलमध्ये, स्लॅबवर. मग लघवीची जळजळ, ताप, दोन दिवस घरी. त्या दोन दिवसांना पुन्हा खाडा म्हणायचं, आणि "बायका सारख्या आजारी पडतात" असंही म्हणायचं.

पुढच्या एका साइटवर प्रकल्प प्रमुखांनी दर चार मजल्यांवर फिरतं शौचालय ठेवायला लावलं. खर्च एका खोलीच्या टाइल्सइतकाही नसेल. त्याने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याही महिला दिनाच्या केकने पडला नाही. कायद्यात हे सगळं आधीपासून आहे: १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याने पिण्याचं पाणी, शौचालय, तात्पुरती निवासाची सोय, प्रथमोपचार, सगळं मालकावर बंधनकारक केलं होतं.

पन्नास बायकांचं गणित

याच कायद्याच्या ३५ व्या कलमात पाळणाघर होतं. साइटवर ५० हून जास्त स्त्री कामगार असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली, सांभाळायला शिकलेली बाई, हवा-उजेड. पण एका साइटवर सेंट्रिंग एका ठेकेदाराकडे, विटकाम दुसऱ्याकडे, प्लास्टर तिसऱ्याकडे. प्रत्येकाच्या पटावर बावीस-पंचवीस बायका. सगळ्या मिळून सत्तर, पण पन्नास कुणाकडेच नाहीत. आणि जोडीतली बाई तर पटावर नसतेच कधीकधी. शिवाय पोर फक्त बाईचंच असतं असं त्या कलमाने जणू धरूनच ठेवलं होतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि जुने कायदे त्यांत मुरले. नव्या संहितेत पाळणाघराची मोजणी स्त्रिया किती यावर नसून एकूण कामगार पन्नासहून जास्त आहेत का यावर आहे. माझ्या मते हा बदल छोटा नाही. आता बायका कमी दाखवून पाळणाघर टाळता येणार नाही; बाप कामगारही त्या मोजणीत आला. प्रत्यक्षात खोली किती साइटवर उघडते, हे दाराशी जाऊनच बघावं लागेल.

पाळणाघर साइटवर चालू शकतं की नाही, हा वाद जुना आहे आणि त्याचं उत्तरही जुनं आहे. १९६९ मध्ये दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या बांधकामावर धुळीत झोपलेली पोरं पाहून मीरा महादेवन यांनी तंबूत पहिलं पाळणाघर उघडलं. साइट हलली की पाळणाघरही हलायचं, म्हणून नाव मोबाइल क्रेशेस. पुढे तेच काम मुंबईत आणि पुण्यातही उभं राहिलं, आणि आपल्याकडे डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्थेने १९८८ पासून वस्त्यांवर आणि नंतर साइटवरच्या मुलांसाठी वर्ग चालवले. अशा एका साइटवर मी दोन वर्षं होते. पाळणाघर सुरू झाल्यावर पहिला बदल सातवी-आठवीतल्या वयाच्या मुलींत दिसला. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन वाळूच्या ढिगावर बसणाऱ्या त्या पोरी एकदम मोकळ्या झाल्या. आईचा समतोल तोपर्यंत त्याच सांभाळत होत्या.

बाळंतपण: दोन मापं

२०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, भरपगारी. अट अशी, की आधीच्या बारा महिन्यांत निदान ८० दिवस काम झालेलं हवं. मला ती मिळाली. मावशींच्या सुनेला नाही, कारण तिचे ऐंशी दिवस भरायच्या आतच मुकादमाच्या हजेरीपटाचं पान संपतं.

कायदा मात्र तिच्या बाजूने आहे. दिल्लीत रस्ते बांधणाऱ्या, चर खणणाऱ्या रोजंदारीवरच्या बायकांना तिथली महापालिका प्रसूती लाभ देत नव्हती, कारण त्या कायम नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ८ मार्च २००० रोजी निकाल लागला: रोजंदारीवरच्या बायकांनाही प्रसूती लाभ द्यावा लागेल. निकाल बांधकामावरच्याच बायकांचा, तरी साइटवर तो माहीत असलेला मुकादम मला अजून भेटलेला नाही.

महाराष्ट्रात दुसरी वाट आहे, बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची. प्रत्येक मोठ्या बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर कापला जातो, तो यासाठीच. वय १८ ते ६० आणि वर्षात निदान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला असेल तर नोंदणी होते. नोंदीत बाईला नैसर्गिक प्रसूतीसाठी १५,००० रुपये, शस्त्रक्रियेने झाली तर २०,००० रुपये, दोन अपत्यांपर्यंत. अडतं त्या दाखल्यावर. ठेकेदार सही द्यायला कचरतो, कारण सही म्हणजे त्याने तिला कामावर ठेवल्याचा पुरावा. त्याने नाही दिली तर ग्रामसेवक किंवा पालिकेच्या अधिकाऱ्याकडून मिळू शकतो, हे बायकांना सांगायला हवं. आणि नोंदणी जोडीची होत नाही, माणसाची होते. नवऱ्याचं कार्ड आहे म्हणून बायकोचं झालं असं समजून बसलेल्या कितीतरी जणी मी पाहिल्या आहेत.

माझ्या बाजूचा अनुभव सभ्य होता, म्हणून ओळखायला वेळ लागला. रजेवरून परतले तर टेबल ऑफिसात हलवलेलं. "आता ऊन्हातान्हात कशाला? इथे बिलं बघा, साडेपाचला सुटा." मनापासून म्हणाले असतील. पण आमच्या धंद्यात बढतीचा जिना साइटवरून जातो. तीन वर्षं बिलं तपासणारीला प्रकल्प प्रमुख करत नाहीत. म्हणजे मला साडेपाचची सुट्टी मिळाली आणि पुढची दहा वर्षं त्या बदल्यात मागितली गेली. मी सहा महिन्यांत साइट परत मागून घेतली. माझ्या दोन मैत्रिणींनी नाही मागितली. एक आता महाविद्यालयात शिकवते, दुसरी बँकेत घरांचं मूल्यांकन करते. दोघींचा हात ड्रॉइंगवर माझ्यापेक्षा बरा होता.

घरून काम, लवचिक वेळ वगैरे उपाय आयटीतून उचलून इथे चिकटवता येत नाहीत. सळयांची तपासणी फोनवरून होत नाही. समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटरच्या कामात तर छावणीच पुढे सरकत जाते, तिथे घर कुठलं आणि कामाचं ठिकाण कुठलं. पण म्हणून काहीच करता येत नाही असंही नाही. स्लॅबच्या दिवशी दोन इंजिनिअर, अर्धा-अर्धा दिवस वाटून. संध्याकाळी सातची बैठक सकाळी साडेनऊला. काँक्रीटची मागणी आदल्या दिवशी दुपारी पक्की, आणि गाडी ठरल्या वेळेच्या दोन तासांत आली नाही तर त्या दिवशी स्लॅब रद्द. हे शेवटचं सांगितल्यावर पुरुष इंजिनिअरच जास्त खूश झाले होते. त्यांनाही घरं असतात, फक्त ती विचारली जात नाहीत.

मावशींची उचल गेल्या पोळ्याला फिटली. त्या गावी गेल्या, सतरा दिवस राहिल्या, परत आल्या. आता मंडळाचं कार्ड आहे. पटावर सतरा खाडे लागले आहेत आणि नवे साहेब त्याबद्दल काही बोलले नाहीत.

परवा चौदाव्या मजल्याचा स्लॅब आहे. पहिली गाडी पहाटे साडेपाचला मागवली आहे, म्हणजे गर्दीच्या आधी निम्मा माल पडेल आणि तीनपर्यंत पंप धुऊन होईल. त्या दिवशी मुलीची शाळा, डबा आणि पोहण्याचा क्लास नवऱ्याकडे. त्याने आत्ताच विचारलंय, टोपी कुठल्या खणात असते.